जुना चौक नीट करताय? या चुका टाळा

कोकणात चौक सुधारायचा म्हटलं की पहिला पेव्हर ब्लॉकचा ट्रक येऊन उभा राहतो. थांबा जरा. आधी जुलैत छत्री घेऊन तासभर चौकात उभे राहा, पाणी येतं कुठून, तुंबतं कुठे ते बघा. फेब्रुवारीतल्या फोटोंवरून केलेला प्लॅन पहिल्याच पावसात उघडा पडतो.

नेहमीची तक्रार म्हणजे "आधी दुकानात पाणी शिरायचं नाय, आता शिरतं". सगळे गटाराला दोष देतात, पण बऱ्याचदा दोष रस्त्याचा असतो. जुन्या डांबरावर नवं डांबर, त्यावर अजून एक थर, असं करत रस्ता वर आला आणि उंबरे खाली गेले, त्यावर आता ब्लॉक टाकणार! आधी थर खरवडून काढायला लावा. मूळ लेव्हल कळत नसेल तर देवळाची खालची पायरी जमिनीत गेलीय का बघा, लगेच अंदाज येतो.

मग चिरा, म्हणजे जांभा दगड. जांभा पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. पाराला किंवा जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइल पेंट मारला की ओल आतच कोंडते, गिलावा फुगतो, खपल्या पडतात आणि सोबत चिऱ्याचा भुगापण येतो. कंत्राटदार म्हणणार, दगडच वाईट. अरे, दगडाला काय झालंय? सिमेंट काढा, दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, चुन्यात भरा, आणि हे काम दिवाळीनंतर घ्या कारण चुना हळूहळू घट्ट होतो, भर पावसात वाहून जाईल.

पिंपळाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट नको. २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी हरित लवादाने भोवतीचा एक मीटर मोकळा ठेवायला सांगितलं होतं, तेवढं आपणही पाळू शकतो.

आता सगळ्यात महाग चूक. मधोमध कारंजं! कारंजं दोन वर्षांत बंद पडतं, डास होतात, ते सोडा, पण शिमग्याला पालखी नाचवायची कुठे? होळी उभी करायचा खड्डा कुठे? काही गावांत हाच चौक म्हणजे मांड, सणाचे विधी होतात ती जागा असतो, कुठे पालखी ठेवायची सहाण शेजारीच असते, त्यामुळे नकाशा काढण्याआधी मानकऱ्यांना आणि गुरवाला विचारा. मासेवाल्यांनाही विचारा, त्यांना सावली आणि नळ हवा असतो, चकचकीत फरशी नाय, ती शेवाळ धरते आणि माणसं आपटतात.

चौक मोकळा झाला की दुसऱ्या दिवशी तिथे गाड्या लागतात, हे ठरलेलं. स्पेनमधल्या पोंतेवेद्राने १९९९ पासून जुन्या गावातून गाड्या बाहेर काढल्या, नंतर चालायला किती मिनिटं लागतात याचा मेट्रोसारखा नकाशापण केला. आपल्याकडे निदान खांब तरी लावा, पण काढता येणारे, टेम्पो, अँब्युलन्स आणि पालखीसाठी. आणि कुलपाची चावी कोणाकडे ते आधीच ठरवा, आमच्याकडे शिमग्याच्या रात्री चावीवाला पुण्यात होता.