मराठी-इंग्रजी साइटचं राउटिंग (कुठल्या यूआरएलवर कुठलं पान उघडायचं ते) करताना मला जे नडलं ते

जॉबला लागून चारेक महिने झाले होते तेव्हा शेतीच्या योजनांची माहिती देणाऱ्या एका साइटचं काम माझ्याकडे आलं, मराठी आणि इंग्रजी, पुढे कोकणी. आधी भाषा कुकीत, म्हणजे ब्राउझरमधल्या छोट्या नोंदीत, ठेवलेली होती, म्हणजे बटण दाबलं की भाषा बदलायची पण यूआरएल तोच. टेस्टिंगमधे सगळं ओके. मग मी मामाला ठिबक सिंचनाच्या पानाची लिंक व्हॉट्सॲपला पाठवली, माझ्याकडे मराठीत दिसत होतं, तर मामाचा फोन, "अरे हे सगळं इंग्रजीत आहे की." लिंकमधे भाषाच नव्हती ना, ती माझ्या ब्राउझरमधे होती. ज्या माणसासाठी साइट केली त्यालाच वाचता येईना, हे मला फार लागलं.

म्हणून नवीन मुलांना पहिलं हेच सांगतो, भाषा यूआरएलमधेच ठेवा. डोमेननंतर लगेच भाषेचा कोड, मराठीला एम-आर, इंग्रजीला ई-एन. सबडोमेनही चालतं पण डीएनएस (डोमेन कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी नोंद) आणि सुरक्षित जोडणीच्या सर्टिफिकेटचं काम वाढतं.

आमचं जँगोमधे (पायथनमधे साइट करायचं फ्रेमवर्क) होतं, तिथे आय१८एन पॅटर्न्स ही सोय वापरली की यूआरएलला भाषेचा कोड आपोआप लागतो. फक्त लोकेल मिडलवेअर, म्हणजे विनंती आल्यावर भाषा ठरवणारा भाग, हा सेटिंगमधल्या मिडलवेअरच्या यादीत सेशनच्या खाली आणि कॉमनच्या वर पाहिजे. आणि नुसतं डोमेन टाकल्यावर ब्राउझरची भाषा बघून पाठवणार असाल तर ३०२ (तात्पुरतं दुसरीकडे पाठवणं) वापरा, ३०१ (कायमचं) नको. मी ३०१ टाकला होता, तो ब्राउझर लक्षात ठेवतो, मग ज्याला एकदा इंग्रजीवर पाठवलं तो सेटिंग बदललं तरी इंग्रजीवरच जायचा.

आता खरी डोकेदुखी, स्लग, म्हणजे शीर्षकावरून केलेला यूआरएलमधला भाग. तो करणारं जँगोचं स्लगिफाय फंक्शन नुसतं चालवलं तर मराठी शीर्षकाचं काहीच उरत नाही, रिकामी स्ट्रिंग येते. म्हणून मी त्यातला युनिकोडचा पर्याय (इंग्रजीखेरीज इतर लिप्याही चालू देणारा) चालू केला आणि निवांत झालो, तर दुसऱ्या दिवशी डेटाबेस ओरडायला लागला की हा स्लग आधीच आहे. बघतो तर स्लग होता "पण". एक पान पुण्याचं, एक पाण्याचं! "पुणे" मधला उकार आणि मात्रा गेली, "पाणी" मधला काना आणि वेलांटी गेली, दोन्हीचं उरलं "पण". कारण असं की पायथनच्या रेगेक्समधे (मजकुरात नमुना शोधायची पद्धत, स्लगिफाय तीच वापरतं) शब्दातली अक्षरं म्हणून जे धरतात त्यात काना, मात्रा, हलन्त येतच नाहीत, ती वेगळी चिन्हं समजतात आणि उडवतात. नाशिकचं "नशक", कोल्हापूरचं "कलहपर". आपल्या गावाचं नाव असं बघवत नाही हो. मी मग स्वतःचं छोटं फंक्शन लिहिलं ज्यात ही चिन्हं राखली. पुढे पाथमधे, म्हणजे यूआरएलचा नमुना लिहितो तिथे, स्लग कन्व्हर्टर ठेवला तर परत ४०४ (पान सापडलं नाही), तो कन्व्हर्टर फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, डॅश आणि अंडरस्कोर घेतो, तिथे स्ट्रिंगवाला लावायचा.

त्यातही "शेतकऱ्यांसाठी" सारखा शब्द आला की बघा. तो ऱ काही कीबोर्डवर एकच अक्षर म्हणून येतो, काहींवर र च्या खाली नुक्ता, आणि काहींवर र्‍ नंतर न दिसणारा जॉइनर. डोळ्याला सारखंच, सर्व्हरला तीन वेगळे शब्द. नॉर्मलाइज केलं, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी केली, की पहिले दोन एक होतात, जॉइनरवाला होत नाही. शेवटी स्लगच्या आधी पानाचा नंबर टाकला आणि पान नंबरवरूनच शोधलं, स्लग फक्त माणसाला वाचायला. तसंही कॉपी केल्यावर देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराचे आणि चिन्हाचे टक्क्याच्या खुणांसकट नऊ कॅरेक्टर होतात, नुसत्या "नाशिक"चे ४५.

कोकणीचा कोड तीन अक्षरी आहे, के-ओ-के. आमच्या सर्व्हरच्या नियमात दोनच अक्षरं धरलेली, त्यामुळे कोकणीची सगळी पानं गायब! हे आधीच बघून ठेवा. एचरेफलँगच्या (हेच पान दुसऱ्या भाषेत कुठे आहे ते गूगलला सांगणाऱ्या) ओळी सगळ्या भाषांच्या पानांवर एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या पाहिजेत, एकाच बाजूने असल्या तर गूगल त्या धरत नाही. आणि भाषेचं बटण दाबल्यावर त्याच पानाचं भाषांतर उघडावं, होमपेज नाही, नाहीतर बिचाऱ्या माणसाला परत पहिल्यापासून शोधावं लागतं.

अजूनही नवीन पान लाइव्ह केलं की मी लिंक मामालाच पाठवतो. त्याचा फोन इंग्रजीत सेट केलेला आहे, तिथे मराठी उघडलं की मी लॅपटॉप बंद करतो.