शंख ओळखायचा? आधी तोंड बघा

नागपूरहून कुठलाही समुद्र लांबच. तरी दर मे महिन्यात भाचेमंडळी गुहागरहून शंखांची पिशवी आणतात आणि माझ्या कूलरसमोर फरशीवर ओततात. "मावशी, सांग आता."

एका वर्षी पिशवीतल्या एका शंखात जीव होता. गाडी वर्ध्याला पोचेपर्यंत वासानं डब्यातली माणसं आमच्याकडे बघायला लागली. तेव्हापासून आमचा नियम: शंख किनाऱ्यावरच समुद्राच्या पाण्यात घालून ठेवायचा. गोगलगाय किंवा आत बिऱ्हाड केलेला खेकडा डोकावला की परत सोडायचा. आणि आइसक्रीमच्या कोनासारखा दिसणारा जिवंत शंख उचलायचाच नाही. त्याच्या विषारी दातानं माणसं दगावली आहेत.

पोट्टे आधी रंगानं ढीग लावतात. पण ऊन आणि वाळू रंग खाऊन टाकतात. शेंडा वर आणि तोंड आपल्याकडे धरा. तोंड गोल आणि आत मोत्यासारखी झाक असेल तर तो टर्बो. अर्धचंद्रासारखं, एका बाजूला सपाट ओटा आणि त्यावर बारीक दात, तर नेराइट. लांब फट आणि दोन्हीकडे दात, ती कवडी. पिवळी आणि कडेला टेंगळं असली तर पूर्वी पैसा म्हणून चालायची तीच. तोंडाखाली पन्हाळीसारखी नळी निघालेली दिसली, की तो बहुधा मांसाहारी. म्युरेक्स त्यातलाच.

तोंड उजवीकडे की डावीकडे, हेही बघा. जवळपास सगळे उजवे निघतात. पूजेतला दक्षिणावर्ती मात्र असा धरला तर डावा! पूजेत तो उलटा, शेंडा खाली करून बघतात, मग तोंड उजवीकडे येतं, म्हणून ‘दक्षिण’ म्हणजे उजवा असं नाव पडलं. असा शंख फारच दुर्मीळ. त्याच्या नावाखाली अमेरिकेकडचा, जन्मजात डावा असा वेगळाच शंख विकला जातो. मीही एकदा फसले. आता इतवारीच्या बाजारात गेले की आत बोट घालून बघते: आपल्या शंखाच्या मधल्या दांड्यावर तीन-चार ठसठशीत वळ्या लागतात, त्या दुसऱ्याचा दांडा गुळगुळीत.

निवडलेले शंख संत्र्याच्या पेटीत, कप्पे करून ठेवा. प्रत्येकासोबत गाव आणि तारखेची चिठ्ठी हवीच.

भोक पडलेले शंख टाकू नका. बशीसारखं उतरतं, गोल भोक असेल तर ते चंद्रगोगलगायीनं आतला प्राणी खायला पाडलेलं असतं. भाचीनं त्यांचीच माळ ओवली आहे.