पहिली युकुलेले निवडताना काय तपासावं

युकुलेले म्हणजे गिटारसारखं दिसणारं चार तारांचं छोटं वाद्य. तिच्या जाहिरातीत सगळ्यात ठळक अक्षरांत लाकडाचं नाव असतं. महोगनी, सपेले, कोआ. शिकणाऱ्याचं घोडं मात्र अडतं ते दुसरीकडेच: तारा सुरात राहत नाहीत, आणि पहिल्या दोन फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) तार दाबता दाबता बोटं दुखून येतात. या दोन्हींचं मूळ खुंट्यांत आणि नटमध्ये, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाशी तारा जिच्या खाचांत बसतात त्या पट्टीत, असतं, म्हणून पैसे आणि वेळ आधी तिथे घालावेत.

आकार चार. सोप्रानो साधारण २१ इंच लांब, कॉन्सर्ट २३, टेनर २६ आणि बॅरिटोन ३० इंचांच्या आसपास. बॅरिटोन पहिल्या खरेदीतून वगळाच. तिच्या तारा डी-जी-बी-ई अशा, म्हणजे गिटारच्या पातळ चार तारांसारख्या लावतात, त्यामुळे युकुलेलेच्या धड्यातले कॉर्ड (एकत्र छेडायचे सूर) तिच्यावर त्या नावाने वाजतच नाहीत. सहा तारांची गिटालेले हे तर वेगळंच वाद्य. फोटो बघून चुकून मागवली जाते, म्हणून तारा मोजून घ्या.

उरलेल्या तिघींचं ट्यूनिंग एकच, जी-सी-ई-ए. फरक पडतो तो बोटांना मिळणाऱ्या जागेत. नटपासून सॅडलपर्यंत (खालच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपर्यंत) तारेची मोकळी लांबी सोप्रानोत सुमारे ३४५ मिमी, कॉन्सर्टमध्ये ३८० आणि टेनरमध्ये ४३० मिमी असते. त्या हिशेबाने पहिला फ्रेट नटपासून अनुक्रमे १९, २१ आणि २४ मिमीवर येतो. मोठ्या माणसाने पहिली युकुलेले कॉन्सर्ट घ्यावी, असं आमचं मत आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला सोप्रानो बरी. टेनरचा आवाज भरीव असतो, पण त्याच सुराला तिच्या तारा जास्त ताणलेल्या असतात, तेव्हा कोवळ्या बोटांना ती थोडी कडक लागते.

बोटं जाड असतील तर आकारापेक्षा नटची रुंदी विचारा. बऱ्याच स्वस्त वाद्यांत ती ३५ मिमी असते, काहींत ३८. तीन मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण डी कॉर्डला एकाच फ्रेटवर तीन बोटं शेजारी शेजारी बसवायची वेळ आली की त्यांची किंमत कळते.

हार्मोनियमची सवय असलेल्यांसाठी: जी म्हणजे पांढरी ५, सी पांढरी १, ई पांढरी ३ आणि ए पांढरी ६. चारही सूर एकाच सप्तकातले. वादकाच्या नाकाजवळची जी तार खर्जातली नसून चढी असते, म्हणून सगळ्यात खालचा सूर तिसऱ्या, म्हणजे सी तारेवर मिळतो. कॉर्ड धरून गाणं म्हणायचं असेल तर याने काही बिघडत नाही, उलट युकुलेलेचा तो खळखळता आवाज यामुळेच येतो. पण भावगीताची चाल एकेका सुराने वाजवायची आणि षड्ज पांढरी १ ला ठेवायचा, तर षड्जाच्या खाली एकही सूर शिल्लक राहत नाही. मंद्र पंचम, धैवत, निषाद सगळेच गायब. अशांनी ‘लो जी’, म्हणजे खर्जातली जी तार लावून घ्यावी. ती जाड असते, म्हणून नटची खाच किंचित रुंद करावी लागू शकते. ते काम दुकानातच उरकून घ्या. मींडेची अपेक्षा मात्र ठेवू नका, नायलॉनचा आवाज फार लवकर विरतो. षड्ज काळी १ ला हवा असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा), काळी २ साठी तिसऱ्यावर.

आता मुख्य तपासणी. दुकानात करा, ऑनलाइन मागवली तर परत करायची मुदत संपण्याआधी घरी करा.

आधी चारही तारा ट्यूनरवर (सूर दाखवणाऱ्या यंत्रावर) लावा. मग जी तार दुसऱ्या फ्रेटवर दाबून छेडा आणि लगेच ए तार मोकळी छेडा. दोन्ही सूर एकच असायला हवेत. तसंच ई तारेचा पाचवा फ्रेटही मोकळ्या ए तारेशी जुळला पाहिजे, आणि सी तारेचा चौथा फ्रेट मोकळ्या ई तारेशी. पाचव्या फ्रेटचा सूर जुळतो पण दुसऱ्याचा चढा येतो, असं झालं तर नट उंच आहे. कारण सरळ आहे: नटमधली खाच पुरेशी खोल नसेल तर तार खाली आणताना ती जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. नटच्या जवळ हा परिणाम सगळ्यात जास्त. सी कॉर्ड गोड लागतो आणि एफ कॉर्ड बेसूर, ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार इथूनच येते, कारण सी कॉर्डला फक्त ए तारेचा तिसरा फ्रेट दाबायचा असतो, तर एफला ई तारेचा पहिला.

डोळ्यांनी खात्री करायची असेल तर तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते पाहा. पातळ कागद जेमतेम सरकावा. व्हिजिटिंग कार्ड आरामात जात असेल तर खाच खोल करायला हवी. हे काम गिटार दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या. घरी कानस चालवली आणि खाच गरजेपेक्षा खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटला घासून झणझणते आणि नट बदलावा लागतो.

बाराव्या फ्रेटवर तार अडीच ते तीन मिमी उंच असावी. जास्त असेल तर सॅडल काढून खालच्या बाजूने घासता येतं. तारेची उंची अर्धा मिमी कमी करायला सॅडल एक मिमी घासायचं. त्यानंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवा. एखाद्याच ठिकाणी झणझण आली तर पुढचा फ्रेट वर उचललेला आहे, ते वाद्य घेऊ नका. मानेच्या दोन्ही कडांवरून तळहात फिरवा, फ्रेटची टोकं टोचता कामा नयेत. शेवटी ब्रिजच्या (तारा जिथे बांधतात त्या, सॅडल धरणाऱ्या तुकड्याच्या) मागच्या कडेखाली कागद सरकवून पाहा. आत शिरला तर डिंक सुटलेला आहे.

खुंट्या गिअरच्याच घ्या. डोक्याच्या मागे सरळ बाहेर येणाऱ्या साध्या घर्षणाच्या खुंट्या दिसायला सुबक असतात, पण त्या केसभर फिरल्या तरी सूर भलतीकडे जातो. जेमतेम हजार रुपयांच्या आतली, १५-१७ इंची, कार्टून छापलेली वाद्यं बहुतेक खेळणीच असतात. शिकायला ती चालत नाहीत.

लाकडाचं आता. १८७९ मध्ये पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून हवाईतल्या होनोलुलूला आलेल्या सुतारांनी आपल्या छोट्या माशेत वाद्यावरून युकुलेले घडवली, ती तिथल्याच कोआ लाकडात. कोआ फक्त हवाईत वाढतो, म्हणून तो महाग. स्वस्त वाद्यावर कोआ लिहिलेलं असेल तर बहुधा वरचा पातळ पापुद्रा किंवा नुसता रंग असतो. ‘सॉलिड टॉप’ याचा अर्थ फक्त पुढची फळी अखंड. ध्वनिछिद्राची कडा न्याहाळा: थर दिसले तर प्लाय. पहिल्या वाद्याला प्लायच बरी. अखंड लाकूड कोकणच्या पावसाळ्यात फुगतं, तारा वर उचलल्या जातात. विदर्भाच्या उन्हाळ्यात आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येतात. प्लाय हे पुष्कळ सहन करते. सहलीला, समुद्रावर न्यायची असेल तर एबीएस प्लॅस्टिकची पाठ असलेली फ्लाइट टीयूएस ३५ किंवा पूर्ण पॉलिकार्बोनेटची एन्या नोव्हा यांसारखी वाद्यं आहेत. उन्हात बंद गाडीत मात्र काहीच ठेवू नये.

सोबत फोम भरलेली पिशवी आणि डोक्याला चिमटा लावायचा ट्यूनर पुरे. पिकअप (वाद्य अँप्लिफायरला जोडण्याची सोय) आत्ता नको. आवाज बोदा वाटला तर वाद्य बदलण्याआधी तारा बदलून पाहा, अक्विलाच्या नायलगट किंवा फ्लुओरोकार्बन. स्टीलच्या तारा कधीही लावू नका, त्यांच्या ताणाने ब्रिज उखडतो.

नव्या तारा आठवडाभर ताणल्या जात राहतात आणि सारख्या उतरतात, हा दोष नव्हे. रोज बाराव्या फ्रेटपाशी प्रत्येक तार हलकेच उचलून ओढा, पुन्हा सुरात आणा, आणि सूर नेहमी खालून वर चढवत लावा. दोन आठवड्यांनंतरही एकच तार उतरत असेल तर ब्रिजजवळची गाठ बघा. सरकत असेल तर शेपूट बोटभर ठेवून पुन्हा बांधा. गाठ पक्की असेल तर त्या खुंटीच्या टोकावरचा स्क्रू पाव फेरा आवळा.