क्लासिफिकेशन ट्री बांधायला बसण्याआधी: मेंटेनन्स डेटात नव्याने येणाऱ्यांसाठी

डिप्लोमा किंवा बीई करून कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगाव नाहीतर कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित एमआयडीसीत मेंटेनन्सला लागलं, की हे काम कधी ना कधी अंगावर येतंच. साहेब म्हणतात, "तुला कॉम्प्युटर चांगला येतो, सगळ्या मशिनरीची हायरार्की करून टाक," म्हणजे सगळी यंत्रं वर-खाली पातळ्यांत लावून मेंटेनन्सच्या सॉफ्टवेअरमध्ये भर. फाउंड्री असो की साखर कारखाना, सॉफ्टवेअर मॅक्सिमो असो की सॅपचं पीएम मॉड्यूल, काम तेच. ॲसेट (सिस्टीममध्ये नोंदवलेलं यंत्र), वर्क ऑर्डर, प्रिव्हेंटिव्ह शेड्यूल तुम्हाला माहीत आहे असं धरतो. मला एकाच गोष्टीबद्दल भरभरून बोलायचंय, कारण तिने माझी झोप उडवली होती. अजूनही कुणाचा ट्री उघडला की माझी नजर आधी तिथेच जाते.

क्लासिफिकेशनच्या ट्रीत, म्हणजे यंत्रांचे वर्ग आणि उपवर्ग फांद्यांसारखे लावलेले असतात त्यात, यंत्र काय आहे एवढंच यायला पाहिजे. ते कुठे बसवलंय, कोणत्या लाईनवर चालतं, कोणाच्या खात्यावर आहे, यातलं काहीही तिथे येता कामा नये.

वाचायला सोपं वाटतं. पण मी पहिल्यांदा ज्या कामावर बसलो तिथे बाहेरच्या एजन्सीने ट्री आधीच बांधून दिला होता. वर मेल्टिंग, मोल्डिंग, सँड प्लांट, फिनिशिंग. मेल्टिंगखाली फर्नेस आणि कूलिंग टॉवर, कूलिंग टॉवरखाली पंप, पंपाखाली मोटर. स्क्रीनवर उघडला की कारखान्याचा नकाशा बघितल्यासारखा दिसायचा आणि म्हणूनच सगळ्यांना पसंत पडला होता. मोटर मात्र त्यात प्रत्येक फांदीवर वेगळी होती.

एका साप्ताहिक सुट्टीला प्लांट बंद असताना मी नेमप्लेटा तपासत फिरत होतो. कूलिंग टॉवरच्या पंपाला लावलेली मोटर कॉटन वेस्टने पुसली. ११ केडब्ल्यू (किलोवॅट), १४६० आरपीएम, फ्रेम १६०एम, सगळं सिस्टीमशी जुळत होतं, फक्त सिरीयल नंबर भलताच. फिटर मामांना विचारलं, तर म्हणाले, "ही व्हय? ही सँड मिक्सरची. हितली जळली, रिवाइंडिंगला उद्यमनगरात दिलीया. तवर ही बसवली." मग सँड मिक्सरला कुठली आहे? "तिथं स्टोअरमधली." आणि जळलेली परत आली की? "जिथं नड आसंल तिथं."

मामांचं काही चुकत नव्हतं. मोटर अशीच फिरते, पंप फिरतो, गिअरबॉक्स फिरतो. पण सिस्टीममध्ये त्या मोटरचा वर्ग, म्हणजे क्लास, होता ‘सँड प्लांटमधली मोटर’. आता ती कूलिंग टॉवरला आली म्हणून वर्ग बदलायचा का? रात्रपाळीत ब्रेकडाऊन काढणारा माणूस ते कधीच करणार नाही, आणि त्याने करावं अशी अपेक्षाही चूक आहे.

आता नुकसान नेमकं कुठे होतं ते सविस्तर सांगतो, कारण ‘डेटा खराब होतो’ एवढंच ऐकून कुणी हलत नाही. समजा एकाच मोटरचं बेअरिंग तीन जागी तीनदा गेलं. खोट मोटरमध्ये आहे: शाफ्ट झिजलाय, नाहीतर हाऊसिंग सैल झालंय. उलट एकाच जागेवर तीन वेगवेगळ्या मोटरींची बेअरिंगं गेली तर खोट जागेत आहे: अलाइनमेंट, फाउंडेशन, वरून गळणारं पाणी. दोन्हींचा इलाज वेगळा, खर्च वेगळा. हा फरक कळायला यंत्राचा इतिहास यंत्राला आणि जागेचा इतिहास जागेला चिकटलेला हवा. जागा आणि यंत्राची जात एकाच ट्रीत कालवली की रिपोर्टमध्ये तीन वर्गांत एकेक बिघाड दिसतो आणि कुणालाच काही खटकत नाही. तुम्ही कपलिंग बदलत राहता, मोटर निवांत चौथ्या जागी जाऊन बसते.

आयएसओ १४२२४ हे मानक जरूर बघा. ते तेल आणि वायू उद्योगासाठी लिहिलंय, पण त्याची मांडणी फाउंड्रीलाही उपयोगी पडते. २०१६ च्या आवृत्तीत नऊ पातळ्या आहेत. पहिल्या पाच उद्योगापासून प्लांट आणि त्यातल्या विभागापर्यंत, म्हणजे वापर आणि जागा सांगणाऱ्या. सहावीपासून यंत्राची जात, मग उपविभाग, घटक आणि सुटा भाग. नऊ पातळ्या वाचून घाबरू नका, तेवढ्या तुम्हाला बांधायच्या नाहीत. पाचवी आणि सहावी यांच्यामधली रेघ तेवढी पक्की ध्यानात ठेवा.

सॉफ्टवेअरमध्येही ही रेघ आधीपासून आहे. मॅक्सिमोत लोकेशन आणि क्लासिफिकेशन ही दोन वेगळी ॲप्लिकेशन्स आहेत. सॅपमध्ये इक्विपमेंटचा क्लास टाइप ००२ आणि फंक्शनल लोकेशनचा, म्हणजे जागेचा, ००३. सोय असूनही माणसं सगळं एकाच ट्रीत कोंबतात, कारण शॉप फ्लोअरवर आपण बोलतोच तसं. साखर कारखान्यात ज्यूस पंप, इंजेक्शन पंप, बॉयलर फीड पंप ही नावं सर्रास चालतात. ती सगळी कामाची नावं. बॉयलर फीड पंप हा जातीने मल्टिस्टेज सेंट्रिफ्यूगल पंप. क्लास तिथे ठेवा आणि ‘बॉयलर फीड’ हे लोकेशनच्या नावात घाला, म्हणजे फिटरला शोधताना त्याच्या भाषेत सापडेल. ही नावं पुसून टाकलीत तर सिस्टीम कुणी वापरणार नाही, हेही तितकंच खरं.

शंका आली की एक प्रश्न विचारायचा: उद्या हे यंत्र उचलून शेजारच्या शेडमध्ये नेलं तर हे नाव बदलावं लागेल का? लागणार असेल तर ते नाव क्लासिफिकेशनमध्ये नको. माझ्या माहितीत याहून चांगली चाचणी नाही.

पंप आणि मोटर एक ॲसेट की दोन, यावर तुमच्याकडे वाद होणारच. आयएसओ १४२२४ मध्ये पंपाच्या हद्दीत मोटर येत नाही, ती वेगळी धरतात. मीही दोनच धरतो, कारण ती दोन वेगळ्या दिवशी जळतात आणि वेगळ्या माणसाकडे दुरुस्तीला जातात. गिअर्ड मोटर (गिअरबॉक्स अंगाला जोडूनच येणारी) मात्र मी एकच धरतो. कुणी वेगळं करत असेल तर भांडत बसू नका, पण जे ठरेल ते लिहून ठेवा आणि सगळीकडे तसंच करा.

गुणधर्मांचं थोडक्यात सांगतो. ज्या पातळीला गुणधर्म सगळ्यांना लागू होतो त्या पातळीला तो एकदाच द्यायचा आणि खाली उतरू द्यायचा. मॅक्सिमोत त्यासाठी ‘अप्लाय डाऊन हायरार्की’ची खूण आहे. मोटर एकाच फांदीवर असेल तरच याचा फायदा, नाहीतर एकीकडे ‘एचपी’, दुसरीकडे ‘केडब्ल्यू’, तिसरीकडे नुसतं ‘पॉवर’, आणि १५ एचपी म्हणजेच ११ केडब्ल्यू हे सॉफ्टवेअरला कोण सांगणार? मोटरला केडब्ल्यू, पोल, फ्रेम, माउंटिंग, व्होल्टेज आणि एफिशियन्सी क्लास एवढे पुरतात. फ्रेमची नोंद सोडू नका. १६० फ्रेम म्हणजे पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंत १६० मिलिमीटर. रात्री दोन वाजता हाताशी असलेली मोटर त्या बेसवर बसेल का, याचं पहिलं उत्तर तिथेच मिळतं. माउंटिंगसाठी मोकळा रकाना ठेवलात तर ‘फूट’, ‘फुट माउंट’, ‘बी३’ अशी एकाच गोष्टीची वेगवेगळी नावं भरली जातील, म्हणून निवडायची यादीच द्या. आणि ‘इतर’ नावाचा क्लास कधीही उघडू नका. घाईत सगळे त्यातच टाकतात आणि नंतर ते कुणी उपसत नाही.

अकाउंट्सवाले येतील आणि म्हणतील, आमच्या रजिस्टरप्रमाणे करा. त्यांचं वर्गीकरण वेगळ्याच कारणाने, घसाऱ्यासाठी, झालेलं असतं. कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात डेस्कटॉपचं आयुष्य ३ वर्षं आणि सर्व्हरचं ६ धरलंय, तर साधारण प्लांट-मशिनरीचं १५. त्या हिशेबात पंप आणि लेथ एका ओळीत बसतात. त्यांची ती गरज खरी आहे, तिच्यासाठी स्वतंत्र फील्ड द्या. आपला ट्री त्यांच्यासाठी वाकवू नका.

दुसऱ्या कंपनीची एक्सेल मिळवून तीच भरायची, हा शॉर्टकट मला मनापासून नापसंत आहे. त्यात त्यांच्याकडची यंत्रं असतात, तुमची नसतात, आणि रिकाम्या क्लासांच्या गर्दीत तुमचं शॉट ब्लास्टिंगचं मशीन सापडत नाही. सर्टिफिकेट कोर्सलाही लगेच पैसे घालू नका. स्क्रीन कुठली कुठे हे महिन्याभरात कळतं. खरं शिकवतो तो स्टोअरकीपर, कारण एकच वस्तू किती नावांनी मागितली जाते हे त्याला पाठ असतं. त्याच्याजवळ बसा, त्याचा चहा प्या, त्याच्या वहीतली नावं उतरवून घ्या. साखर कारखान्यात असाल तर गाळप संपल्यावर ओव्हरहॉलिंगला यंत्रं उघडतात तेव्हा प्लेटा वाचून घ्या. हंगामात तुम्हाला तिथे कुणी उभंही करणार नाही.

सुरुवातीला सगळा प्लांट घेऊ नका. फक्त मोटर आणि पंप घ्या, तीन-चार पातळ्यांच्या पुढे जाऊ नका आणि फिटरला, प्लॅनरला, स्टोअरला महिनाभर वापरू द्या. नावं बदलतील, एखादी फांदी पूर्ण उडेल, आणि तसंच होतं. सगळ्यांचंच होतं. त्या काळात नवा क्लास उघडण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा.

आणि जुना बिघडलेला ट्री हातात आला असेल तर हातपाय गाळू नका, तो सुधारतो. फक्त एक करू नका: रागाने जुने क्लास लगेच पुसायला जाऊ नका. ज्या क्लासवर ॲसेट लावलेत तो सहजासहजी काढता येत नाही, आणि ॲसेटचा क्लास बदलला की गुणधर्मांचा तक्ताही बदलतो. आधी ॲसेट, त्याचा क्लास आणि गुणधर्मांत भरलेली मूल्यं एक्सेलमध्ये बाहेर काढून ठेवा. शेजारच्या रकान्यात नवा क्लास आणि नवं लोकेशन लिहा. तो कागद फिटर मामांसमोर धरा, ओळ न् ओळ वाचून घ्या. त्यांनी मान डोलावली की मगच लोड करा, तेही आधी टेस्ट सर्व्हरवर.