पेटीवाल्यानं पेटी बंद ठेवावी

खानापूर तालुक्यातल्या आमच्या भजनी मंडळात मी तीस वर्षं पेटी वाजवतोय. तरी जुनं इंग्रजी गावगायन बसवायचं असेल तर माझी पहिली सूचना हीच: पेटीवर फक्त सा द्या आणि भाता बांधून टाका.

साधारण 1700 ते 1850 पर्यंत इंग्लंडच्या खेड्यांतल्या चर्चमध्ये पश्चिमेकडच्या माडीवर गावचीच मंडळी गात. सोबतीला फिडल म्हणजे व्हायोलिन, क्लॅरिनेट, 'बसून' हे खर्जाचं लाकडी फुंकवाद्य आणि चेलो, म्हणजे खर्जाचं मोठं व्हायोलिन. हीच माणसं गावच्या नाचालाही वाजवत. पुढं पाद्र्यांना शिस्त हवीशी झाली, ऑर्गन-हार्मोनियम आले आणि वादक घरी बसले. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसचं, 1842 चं. तिकडं ज्या वाद्यानं मंडळं मोडली, त्याच वाद्यावर आमच्या बेळगावात रामभाऊ विजापुरे मोठे झाले!

माणसं आठ-दहा पुरेत. आता ते 'बसून' वाद्य कुठं शोधणार? वरातीच्या बँडमधला युफोनियमवाला, म्हणजे जाड आवाजाचं मोठं पितळी वाद्य फुंकणारा गाठा, खर्ज तो सांभाळेल. क्लॅरिनेटवालाही तिथंच मिळतो. पहिल्या संध्याकाळी आमचं त्याच्याशी भांडणच झालं. "मास्तर, मी बराबर हाय, तुमची पेटीच चढलीया," म्हणाला. दोघंही बरोबर होतो. बँडचं क्लॅरिनेट बी-फ्लॅटचं. त्यानं सी, म्हणजे आपली पांढरी एक, वाजवला की पेटीवरची काळी पाच ऐकू येते. पांढरी एकला गायचं तर त्याला डी हा सा धरायला सांगा. युफोनियमचा सूरही आधी पेटीशी ताडून घ्या.

आता शब्द. 1551 मध्ये जिनिव्हात छापलेली 'ओल्ड हंड्रेड्थ' ही चाल घ्या. चार ओळी, प्रत्येकी आठ अक्षरं. मोठा अभंग 6-6-6-4 चा, तो इथं बसत नाही. छोटा अभंग मात्र आठ-आठचा. 'जे का रंजले गांजले' बोटांवर मोजून बघा. दोन कडवी मिळून चालीचा एक फेरा पुरा होतो. बेळगावच्या कँपातल्या चर्चमध्ये गाणारे दोघं आमच्यात आहेत, त्यांना हे ऐकून माझ्याइतकीच गंमत वाटली.

चाल चार आवाजांत वाटायची. मुख्य चाल पुरुषांच्या वरच्या आवाजाकडं असते, बायकांकडं नव्हे; हे पचायला आम्हाला आठवडा गेला. प्रत्येकाचा भाग सरगमात लिहा, मोबाइलवर वेगळा रेकॉर्ड करून द्या. टाळ-पखवाज नको, पायानं मात्रा धरा. आणि हरकती बंद! आपल्या गळ्याला सूर वळवायची खोड असते, पण इथं एकानं मींड घेतली की बाकी तिघांचा मेळ फाटतो. आमच्या बाबूमामांना हे अजून पटलेलं नाही.

एवढं जमलं की 'क्रॅनब्रुक' घ्या. कँटरबरीतल्या थॉमस क्लार्क नावाच्या चांभारानं रचलेली ही चाल 1805 ची. तिच्यात आवाज एकामागून एक आत शिरतात. म्हणून अर्धगोलात उभं राहा, खर्ज मधोमध. बाबूमामा दरवेळी एक मात्रा आधी शिरतात. मी त्यांच्या शेजारी उभा राहून खांद्यावर हात ठेवतो. हात उचलला की त्यांनी गायचं. पेटी बंद असल्यानं माझे हात मोकळेच असतात.