माळरानावरच्या मेंढ्यांना खनिज मिश्रण देताना

माण, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यातील मुरमाड जमिनींत स्फुरद (फॉस्फरस) आणि जस्त यांची उणीव सर्रास आढळते. तेथील माळावरचे कुसळी गवत वाळले की त्यातील स्फुरद आणखी घटते. मेंढ्या माती चाटू लागल्या, हाडके किंवा चिंध्या चघळू लागल्या अथवा एकमेकींची लोकर उपटून खाऊ लागल्या, तर खनिजांची कमतरता असल्याची शंका घ्यावी.

मिश्रण विकत घेताना मात्र गाई-म्हशींसाठीची पिशवी स्वस्त मिळते म्हणून उचलू नये. त्यातील तांब्याचे प्रमाण मोठ्या जनावरांच्या गरजेनुसार ठरवलेले असते, आणि मेंढीला तांबे हवे असले तरी जादा तांबे ती सहजासहजी बाहेर टाकू शकत नाही. ते यकृतात महिनोन्‌महिने साठत राहते आणि वाहतूक, उपासमार किंवा आजारपण यांचा ताण पडताच एकदम रक्तात उतरते. तांबड्या पेशी फुटतात, डोळ्यांची आतली त्वचा पिवळी पडते, लघवी गडद तांबडी होते आणि धडधाकट दिसणारी मेंढी एक-दोन दिवसांत दगावते. ‘सर्व जनावरांसाठी’ असे छापलेल्या पिशवीवर म्हणूनच माझा विश्वास नाही. मेंढ्यांसाठी वेगळे बनवलेले मिश्रणच मागावे.

प्रौढ मेंढीला रोज 5 ते 10 ग्रॅम मिश्रण पुरते, म्हणजे शंभराच्या कळपाला जास्तीत जास्त 1 किलो. संध्याकाळी कळप वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, आला की ते भरड्यात नीट कालवून लांबट गव्हाणीत पसरावे. दर मेंढीस सव्वा ते दीड फूट जागा न मिळाल्यास दांडग्या मेंढ्या दुप्पट खातात आणि गरीब मेंढ्या कोरड्याच राहतात. चाटण विटेत हाच दोष अधिक आहे. शिवाय तिच्यात बहुधा मीठच जास्त असते, त्यामुळे स्फुरदाची उणीव तिने भरून निघेल असे धरू नये. मीठ देत असल्यास जवळ भरपूर पाणी हवेच.

गाभण काळ सुमारे 150 दिवसांचा असतो. त्यातील शेवटचे सहा आठवडे आणि व्याल्यानंतरचा दुधाचा काळ यांत खंड पडू देऊ नये. धान्यावर पोसलेल्या नरांना जादा स्फुरद दिल्यास मूतखड्याचा धोका असतो, म्हणून त्यांच्या आहारात चुना (कॅल्शियम) स्फुरदाच्या दुपटीइतका राहील हे पाहावे.

खुराक सुरू करूनही मेंढ्या खंगतच राहिल्या आणि पापणीची आतली बाजू पांढरी फटक दिसली, तर मिश्रण वाढवू नये. आधी पशुवैद्यकाकडून लेंड्या तपासून जंताचे औषध द्यावे.