कोडाच्या ऑपरेशनला जायच्या आधी

या ऑपरेशनात मांडीवरची पातळ कातडी काढून तिच्यातल्या पेशी कोडाच्या पांढऱ्या डागावर लावतात. पहिलं काम म्हणजे मोबाईलमधले जुने फोटो शोधून ठेवा, कारण डॉक्टर आधी हेच विचारतात की वर्षभरात नवा डाग आलाय का, जुना पसरलाय का, आपण म्हणतो नाही हो, आणि मागच्या दिवाळीचा फोटो बघितला की तोंड बंद. खरचटलं तिथं पांढरं उठतं का तेही सांगा. अजिबात लपवू नका, कोड चालू, म्हणजे अजून पसरत असेल तर लावलेल्या पेशी टिकत नाहीत, वर मांडीवर जिथून कातडी काढतात तिथंच नवा डाग यायची भीती.

मग डाग कुठंय ते बघा. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखं कोड असेल (सेगमेंटल म्हणतात) तर रिझल्ट सगळ्यात भारी, चेहरा-मानही छान भरते, बोटांची टोकं, कोपरं मात्र हट्टी. आमच्या ताईचा गाल भरला, बोटं जवळपास तशीच राहिली, आणि हे आधी कुणी स्पष्ट सांगितलंच नव्हतं म्हणून जास्त रडली.

जखमेची जाड गाठ उठत असेल, कशाची अ‍ॅलर्जी असेल तर बोला, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. कातडी फार लागत नाही, डागाच्या साधारण पाचव्या ते दहाव्या हिश्शाएवढी पातळ साल, तिच्या पेशी सुट्या करून घासलेल्या डागावर पसरतात, बहुतेक वेळा जागा बधिर करूनच होतं. मांडीला घासणार नाही असे ढगळ कपडे न्या.

घरी खरी परीक्षा. आठवडाभर ड्रेसिंग हलू द्यायचं नाही, म्हणजे रजा टाका, अंघोळीऐवजी पुसून घ्यायचं, चेहऱ्यावर असेल तर पेज, मऊ भात आणि कमी बोलणं. ताईला गप्प बसवणं ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं!

पट्टी निघाली की खाली लालसर गुलाबी दिसतं, घाबरू नका. रंग काही आठवड्यांनी ठिपक्याठिपक्यांनी येतो, पूर्ण व्हायला सहा महिने ते वर्ष, आणि सुरुवातीला आजूबाजूपेक्षा गडदही दिसतो, म्हणून पुढच्या महिन्यात लग्न आहे म्हणून आत्ता करून घेऊ असलं काही ठरवू नका. नंतर लाईट ट्रीटमेंट (डागावर ठरावीक किरण देतात ती) सांगितली तर जाण्यायेण्याचा वेळ नि पैसे आधीच धरा. आणि फोटो दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेला काढा, ट्यूबलाईटखाली काहीच कळत नाही.